डबा तोच, काम वेगळे : आपला राऊटर कोणत्या मोडवर आहे?

भिवंडीतील आमच्या परिचयाच्या एका कापड व्यापाऱ्याने दोन वर्षांत तीन राऊटर विकत घेतले आणि चौथा घेण्याची तयारी चालविली होती. त्यांचे दुकान तळमजल्यावर, कार्यालय वरच्या मजल्यावर आणि गोदाम मागच्या बाजूस, मध्ये एक लहानसे आवार. धंदा चांगला, गिऱ्हाईक जुने. पण बिल करण्याची वेळ आली की सारे अडून बसे. हिशेबाचा मुख्य संगणक वर कार्यालयात. काउंटरवरच्या संगणकावरून त्यातील खाती उघडत नसत. वरचा प्रिंटर खालच्या संगणकाला सापडत नसे. मग काउंटरवरचा मुलगा चिठ्ठीवर माल लिहून जिन्याने वर पळे आणि छापलेले बिल घेऊन खाली येई. हंगामाच्या दिवसांत तो वर असतानाच दोन गिऱ्हाईके शेजारच्या दुकानात जात.

गोदामाची तऱ्हा त्याहून वाईट होती. माल भरून टेम्पो उभा, चालक घाई करतोय आणि ई-वे बिल काढायला बसावे तर इंटरनेट गायब! एकदा तर अर्धा दिवस टेम्पो उभा राहिला आणि त्याचे जादा भाडे व्यापाऱ्याच्या अंगावर पडले.

ज्या मुलाकडून त्यांनी राऊटर बसवून घेतले होते त्याचे उत्तर दरवेळी एकच असे, "शेठ, रेंज कमी पडतेय. आता चार अँटेनावाला मोठा घ्या."

शेवटी त्यांनी आम्हाला बोलावले आणि म्हणाले, "भाई, पैसे द्यायला माझी ना नाही. पण तीन डबे घरात असताना चौथा कशाला लागतो, एवढे मला कोणीतरी समजावून सांगा."

त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहिले तेव्हा असे आढळले की तिन्ही डबे उत्तम चालू होते. एकही बिघडलेला नव्हता. फक्त त्यातील दोन चुकीच्या मोडवर चालत होते. आज लहानमोठ्या प्रत्येक दुकानात, दवाखान्यात, क्लासमध्ये आणि कारखान्यात हा डबा भिंतीवर लटकलेला दिसतो. पण तो कोणते काम करतोय हे मालकाला ठाऊक नसते. म्हणून या विषयाची सविस्तर माहिती व्यापारी बांधवांसमोर ठेवणे आम्हाला आवश्यक वाटले.

मोड म्हणजे काय?

ज्याला आपण सरसकट राऊटर म्हणतो त्या एका डब्यात वास्तविक तीन-चार निरनिराळी यंत्रे बसविलेली असतात. बाहेरून आलेले इंटरनेट आतल्या सर्व उपकरणांत वाटणारे यंत्र हे खरे राऊटर. मागच्या बाजूला तीन-चार केबल लावायची जी छिद्रे असतात तो स्विच. बिनतारी लहरी सोडणारा भाग म्हणजे वायफायचा अॅक्सेस पॉइंट. शिवाय दारावरच्या पहारेकऱ्याचे काम करणारा फायरवॉल असतो तो निराळाच. यांपैकी कोणते यंत्र चालू ठेवायचे आणि कोणते झोपवायचे, हे ठरविण्याची जी सोय डब्यात दिलेली असते तिलाच मोड असे म्हणतात.

पेढीवरचे उदाहरण घेऊ. एकाच माणसाला आपण मुनीम म्हणून गादीवर बसवू शकतो, काउंटरवर माल देण्यासाठी उभा करू शकतो किंवा निरोप्या म्हणून इकडून तिकडे पाठवू शकतो. माणूस तोच, पण काम निराळे. मात्र एका पेढीवर दोन मुनीम बसविले आणि दोघांनी आपापल्या वेगळ्या वह्या लिहायला सुरुवात केली तर काय होईल? एकाच्या वहीतले नाव दुसऱ्याला सापडणार नाही. आमच्या परिचिताच्या दुकानात नेमके हेच घडले होते.

पहिला मोड : राऊटर

इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या जुन्या पद्धतीत असे एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. जगाची लोकसंख्या पाहता आणि एकेका घरात पाच-सहा उपकरणे असताना हे पत्ते पुरणार कसे? ही अडचण तज्ज्ञांनी फार आधी ओळखली होती. मे १९९४ मध्ये पत्त्यांची अदलाबदल करण्याची एक युक्ती प्रसिद्ध झाली. तिला थोडक्यात नॅट म्हणतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन पत्तेमालिका खासगी वापरासाठी कायमच्या राखून ठेवण्यात आल्या. आपल्या ओळखीचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता त्यांपैकीच एका मालिकेतला. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक पातळीवरच्या मध्यवर्ती साठ्यातील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे अखेरचे गठ्ठेही वाटून संपले. आता नव्या पद्धतीचे लांब पत्ते आले आहेत. परंतु जुने अजून चालू आहेत आणि ते या नॅटच्या आधारावरच.

नॅटचे काम समजायला सोपे आहे. इमारतीचा टपालाचा पत्ता एकच असतो आणि आत खोल्यांना १, २, ३ असे क्रमांक असतात. शेजारच्या इमारतीतही खोली क्रमांक १ असतेच, तरी घोटाळा होत नाही. कारण बाहेरच्या जगाला फक्त इमारतीचा पत्ता दिसतो. आलेले पत्र कोणत्या खोलीचे हे दारावरचा माणूस पाहतो. राऊटर मोडवरचा डबा हेच काम करतो. बाहेरच्या कंपनीने दिलेला एक पत्ता तो स्वतःकडे ठेवतो, आतल्या प्रत्येक फोनला, संगणकाला, प्रिंटरला आपल्याकडून खासगी क्रमांक वाटतो, आणि कोणी काय मागविले याची नोंद ठेवून उत्तर बरोबर त्यालाच पोहोचवितो. क्रमांक वाटण्याच्या या सोयीला डीएचसीपी म्हणतात. न मागविता बाहेरून आलेली वाहतूक तो दारातच अडवतो, हा आणखी एक फायदा.

थोडक्यात, राऊटर मोड म्हणजे मुनीम. एका दुकानात मुनीम एकच हवा, हे या संपूर्ण लेखाचे सार आहे. बाकीचे सर्व मोड हे या एका मुनिमाच्या हाताखाली काम करण्याचे निरनिराळे प्रकार आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. फायबरची जोडणी देताना कंपनी किंवा केबलवाला जो डबा भिंतीवर लावून जातो, तो प्रकाशाच्या तारेतून आलेला संदेश विजेच्या संदेशात बदलतो. पण आजकालचे यातील बहुतेक डबे तेवढेच करून थांबत नाहीत. ते स्वतःच राऊटरही असतात आणि वायफायही देतात. म्हणजे पहिला मुनीम कंपनीनेच आणून बसविलेला असतो. आपण बाजारातून दुसरा राऊटर आणून त्याला जोडतो तेव्हा तोही कारखान्यातून राऊटर मोडवरच आलेला असतो. झाले, दुसरा मुनीम गादीवर बसला!

दोन मुनिमांचा घोळ

असे झाले तर पुष्कळदा मालकाला काहीच कळत नाही, कारण दोन्ही डब्यांवर इंटरनेट चालते. फोनवर संदेश येतात, चित्रफिती दिसतात. अडचण येते ती आपापसांतल्या कामात. दुसऱ्या राऊटरच्या पलीकडे बसलेली उपकरणे वेगळ्या मालिकेत जातात. पहिल्या राऊटरवरच्या संगणकाने त्यांना हाक मारली तर दुसरा राऊटर ती हाक बाहेरची समजून दारात अडवतो. तो आपले काम इमानेइतबारे करीत असतो. पण आपल्याच माणसाला परका समजून करीत असतो.

आमच्या परिचिताकडे काउंटरचा संगणक कंपनीच्या डब्यावर होता. मुख्य संगणक आणि प्रिंटर वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या डब्यावर होते. म्हणून खालून वरचे काहीच दिसत नव्हते. रेंजचा येथे काडीचाही संबंध नव्हता. दहा अँटेनांचा डबा आणला असता तरी त्याच मोडवर ठेवल्यास चिठ्ठी घेऊन जिना चढणे चुकले नसते.

ही परीक्षा कोणालाही घरबसल्या करता येते. फोन एका डब्याच्या वायफायला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीचा आयपी पत्ता पाहा. मग दुसऱ्या डब्याला जोडून पुन्हा पाहा. पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे असतील, उदाहरणार्थ १९२.१६८.१, तर बहुधा सर्व ठीक आहे. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असे काही दिसले तर समजा की आपल्याकडे दोन मुनीम आहेत. आम्ही वर आणि खाली हेच पाहिले आणि पाच मिनिटांत रोग सापडला.

दुसरा मोड : अॅक्सेस पॉइंट

या मोडवर टाकलेला डबा मुनिमाचे काम सोडून देतो. तो क्रमांक वाटत नाही, पत्ते बदलत नाही, पहारा देत नाही. मुख्य राऊटरपासून एक केबल त्याच्यापर्यंत येते आणि तो त्या केबलमधले इंटरनेट आपल्या वायफायमधून आणि मागच्या छिद्रांतून जसेच्या तसे पुढे देतो. वही मात्र मुख्य राऊटरकडेच राहते. त्यामुळे वरचा-खालचा प्रत्येक संगणक एकाच मालिकेत येतो आणि एकमेकांना सापडतो.

मजले असलेली इमारत, लांब दुकान, जाड भिंती किंवा पत्र्याचे गोदाम असेल तर आमच्या मते हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. यासाठी केबल ओढण्याची मेहनत करावी लागते, पण ती एकदाच. तांब्याच्या नेहमीच्या नेटवर्क केबलची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची मर्यादा १०० मीटर आहे, हे ध्यानात ठेवावे. बहुतेक दुकान-गोदामांना ती पुरून उरते.

अॅक्सेस पॉइंटवर वायफायचे नाव आणि पासवर्ड मुख्य राऊटरसारखाच ठेवला तर माणूस खालून वर गेल्यावर फोन बहुधा आपणहून जवळच्या डब्याला जोडला जातो. मात्र दोन्हींचे चॅनेल वेगवेगळे ठेवावे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ ही तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. एकाला १ दिले तर दुसऱ्याला ६ द्यावे.

जुन्या डब्यात हा मोड नावाने दिलेला नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. त्याचे डीएचसीपी बंद करावे, त्याला मुख्य राऊटरच्या मालिकेतला पण कोणी वापरत नसलेला एक पत्ता द्यावा आणि मुख्य राऊटरकडून आलेली केबल त्याच्या वॅन छिद्रात न लावता लॅन छिद्रात लावावी. एवढे केले की कपाटात धूळ खात पडलेला जुना राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून कामाला लागतो. मात्र डीएचसीपी बंद न करताच केबल लॅनमध्ये लावली तर दोन डबे एकाच घरात क्रमांक वाटू लागतात आणि आज एक संगणक बंद, उद्या दुसरा बंद, असा न उलगडणारा त्रास सुरू होतो.

तिसरा मोड : रिपीटर

याला कोणी एक्स्टेंडर म्हणतात. याला मुख्य राऊटरपासून केबल लागत नाही. तो वायफायच्या लहरी ऐकतो आणि पुन्हा सोडतो. एखाद्या मोठ्या आवारात या टोकाचा निरोप त्या टोकाला द्यायला मध्ये एक माणूस उभा करावा, तसे हे आहे. तो ऐकत असतो तेव्हा बोलू शकत नाही आणि बोलत असतो तेव्हा ऐकू शकत नाही. म्हणून एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर लावला की त्याच्या पलीकडचा वेग साधारणपणे निम्म्यावर येतो. दोन पट्टे असलेला डबा एका पट्ट्यावर ऐकतो आणि दुसऱ्यावर बोलतो, तेव्हा नुकसान कमी होते.

रिपीटरबाबत सर्वत्र आढळणारी चूक म्हणजे त्याची जागा. जेथे वायफाय येत नाही नेमका तेथेच तो लावला जातो. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? तो मुख्य राऊटर आणि अडचणीची जागा यांच्या साधारण मध्यावर, जेथे अजून चांगली रेंज आहे अशा ठिकाणी लावला पाहिजे. आमच्या परिचिताच्या गोदामातला तिसरा डबा रिपीटर मोडवर होता आणि तो पत्र्याच्या शटरच्या आत, पार मागच्या भिंतीवर टांगलेला होता. शटर खाली ओढले की त्याचे ऐकणे बंद, आणि टेम्पो उभा!

भाड्याच्या जागेत केबल ओढता येत नाही किंवा एकदोन फोनपुरतेच काम आहे, तेव्हा रिपीटर जरूर वापरावा. पण ज्यावर रोजचा व्यवहार अवलंबून आहे अशा ठिकाणी त्याच्यावर विसंबू नये.

चौथा मोड : ब्रिज

या शब्दाने जितका गोंधळ होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही, कारण बाजारात तो दोन अर्थांनी वापरला जातो.

पहिला अर्थ कंपनीच्या डब्याबद्दलचा. तो ब्रिज मोडवर टाकला की त्याचे मुनीमपण संपते. तो फक्त प्रकाशाचे विजेत रूपांतर करून पुढे देतो आणि आपण घेतलेला राऊटर एकटा मुनीम होतो. आपला राऊटर चांगल्या प्रतीचा असेल आणि सर्व कारभार त्याच्याच हाती ठेवायचा असेल तर हा मार्ग योग्य. मात्र हे काम बहुतेक ठिकाणी कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे लागते. अनेक जोडण्यांना पीपीपीओई या पद्धतीचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड लागतो, तो आधी लेखी मागून घ्यावा. त्याच डब्यावर कंपनीचा दूरध्वनी किंवा टीव्हीची सोय चालत असेल तर ती बंद पडणार नाही ना, हेही आधी विचारावे.

दुसरा अर्थ बिनतारी पुलाचा. एका इमारतीतून समोरच्या इमारतीत केबल नेणे शक्य नसेल तर दोन डबे समोरासमोर लावून त्यांच्यात वायफायचा पूल बांधतात. दोन्हींत अडथळा नसावा आणि ते एकमेकांना सरळ दिसावेत, ही मुख्य अट. मधून रस्ता गेलेला असेल तेव्हा हा उपाय फार उपयोगी पडतो.

याच्याच जवळचा एक क्लायंट मोड असतो. त्यात डबा वायफाय पकडतो आणि केबलद्वारे एखाद्या उपकरणाला देतो. ज्या जुन्या संगणकाला किंवा प्रिंटरला वायफायच नाही त्याला जोडण्यासाठी तो कामाला येतो.

आणखी तीन प्रकार

काही डब्यांत विस्प नावाचा मोड दिसतो. यात बाहेरचे इंटरनेट केबलने न येता वायफायने येते आणि डबा ते घेऊन आत स्वतःचे वेगळे जाळे तयार करतो. म्हणजे हा पुन्हा मुनीम झाला. प्रदर्शनात गाळा लावणारे, वसतिगृहात किंवा लॉजमध्ये राहणारे यांना दुसऱ्याच्या वायफायवर आपली उपकरणे सुरक्षित ठेवायची असतील तर हा उपयोगाचा आहे. स्वतःच्या दुकानात मात्र रिपीटर समजून चुकून हा मोड निवडला की दोन मुनिमांचा घोळ परत सुरू!

दुसरा प्रकार मोबाईलच्या सिमकार्डावर चालणारा. काही राऊटर केबल आणि सिम अशा दोन्हींवर चालतात. केबल तुटली की आपणहून सिमवर जातात. ज्यांचा व्यवहार एक तासही थांबून चालत नाही त्यांनी या सोयीचा विचार करावा.

तिसरा मेश. यात एकाच जातीचे दोन-तीन डबे एक संघ म्हणून काम करतात. एक मुनीम, बाकीचे त्याचे मदतनीस, आणि ही वाटणी ते बरेचसे आपापसांत ठरवितात. सोय चांगली, पण खर्च जास्त. आणि कंपनीचा डबा राऊटर मोडवरच राहिला तर मेशचा मुख्य डबाही दुसरा मुनीम ठरतो. तेव्हा एक तर कंपनीचा डबा ब्रिजवर न्यावा किंवा मेशला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकावे.

दुकानात काय केले?

आता आमच्या परिचिताच्या दुकानाकडे वळू. प्रथम तिन्ही डब्यांवरच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवले, म्हणजे चुकले तर परत जाता यावे. मग वरच्या मजल्यावरचा दुसरा डबा राऊटरवरून अॅक्सेस पॉइंट मोडवर नेला. तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला. वरच्या संगणकाला आणि प्रिंटरला कंपनीच्या डब्याकडून नवे क्रमांक मिळाले.

तरीही काउंटरवर खाती उघडेनात! मालकांचा चेहरा उतरला. कारण साधे होते. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये मुख्य संगणकाचा जुना पत्ता लिहिलेला होता आणि आता पत्ता बदलला होता. नवा पत्ता लिहिला आणि कंपनीच्या डब्यात तो पत्ता त्या संगणकासाठी कायमचा राखून ठेवला. प्रिंटरचेही तसेच केले. हे राखून ठेवणे फार महत्त्वाचे आहे. नाहीतर वीज जाऊन आली की क्रमांक बदलण्याची भीती राहते. त्यानंतर काउंटरवरून पहिले बिल वरच्या प्रिंटरवर छापले गेले. काउंटरवरच्या मुलाने लगेच विचारले, "शेठ, आता प्रिंटर खाली आणून ठेवला तरी चालेल ना?" चालणारच होते. त्याच संध्याकाळी प्रिंटर खाली आला.

गोदामासाठी वरच्या कार्यालयापासून भिंतीकडेने पाइपमधून सुमारे चाळीस मीटर केबल ओढून घेतली. उघड्यावरून जाणारी असल्याने ती ऊनपावसात टिकणारी घेतली. तिसरा डबा रिपीटरवरून अॅक्सेस पॉइंट मोडवर आला आणि केबलला जोडला गेला. आता शटर वर असो वा खाली, ई-वे बिल निघते. एकूण खर्च केबल, पाइप, टोकांचे कनेक्टर आणि वायरमनची एका दिवसाची मजुरी एवढाच झाला. चौथा डबा घेण्याचा बेत रद्द झाला.

मोड बदलण्यापूर्वी

ज्यांना स्वतः हात घालायचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना देतो. डब्याच्या तळाशी किंवा मागे चिकटविलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये घालून आत जाता येते. मोड बदलताना पुष्कळ डबे आधीचे सेटिंग पुसून टाकतात, म्हणून नोंद आधी करावी. अॅक्सेस पॉइंट झाल्यावर डब्याचा स्वतःचा पत्ताही बदलतो. जुन्या पत्त्यावर तो उघडला नाही म्हणून बिघडला असे समजू नये. त्याचा नवा पत्ता मुख्य राऊटरच्या यादीत सापडतो. सर्वच फसले तर मागचे रीसेटचे बारीक बटण टाचणीने सुमारे दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे डबा कारखान्यातून आला तसा होतो. मात्र कंपनीच्या डब्यावर हा प्रयोग करू नये. त्यातले जोडणीचे सेटिंग गेले तर इंटरनेटच बंद पडेल. आणि हे सारे दुकान बंद असताना करावे, गर्दीच्या वेळी नव्हे.

मोड बदलल्याने काही सोयी जातात, हेही सांगितले पाहिजे. काही डब्यांत अॅक्सेस पॉइंट मोडवर पाहुण्यांचे वायफाय दुकानाच्या जाळ्यापासून वेगळे राहत नाही. गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल तर ते मुख्य राऊटरवरूनच द्यावे, म्हणजे परक्या फोनवरून हिशेबाच्या संगणकापर्यंत कोणी पोहोचणार नाही. कॅमेऱ्याचे चित्र बाहेरगावाहून पाहण्यासाठी पोर्ट उघडायचे असतील तर ते एका मुनिमावर सोपे जाते, दोन मुनीम असल्यास दोन्हीकडे उघडावे लागतात. मुख्य राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होऊन त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर समजावे की कंपनीनेच एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. तेव्हा मोड कितीही बदलले तरी पोर्ट उघडणार नाहीत. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागेल.

डबा कोणत्याही मोडवर असो, त्याचा कारखान्यातला पासवर्ड बदललाच पाहिजे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते, ते मुख्यतः न बदललेल्या पासवर्डच्या बळावर. तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लावून ठेवणारा व्यापारी आपण शहाणा म्हणणार नाही. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३ वर ठेवावी. वेप नावाची जुनी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे.

होतकरू तरुणांसाठी

या सर्व प्रकारात आम्हाला एक संधीही दिसते. प्रत्येक पेठेत, प्रत्येक मोहल्ल्यात असे डबे चुकीच्या मोडवर चालत आहेत आणि मालक मुकाट्याने नवे घेत आहेत. डबा विकणारे पुष्कळ आहेत. डबा न विकता दुरुस्ती सांगणारा दुर्मीळ. केबलला टोक लावण्याची चिमट्यासारखी पकड, केबल तपासण्याचे छोटे यंत्र, एक वही आणि मोडची पक्की समज एवढ्या भांडवलावर एखादा तरुण चांगले काम करू शकतो. त्याने प्रत्येक दुकानाचा एक साधा नकाशा काढून मालकाला द्यावा : कोणता डबा कोठे, कोणत्या मोडवर, त्याचा पत्ता काय. असा कागद ज्याने दिला त्याला गिऱ्हाईक पुन्हा बोलावते, असा आमचा अनुभव आहे. आमच्या परिचिताचे तीन डबे बसविणारा तो मुलगाही अप्रामाणिक नव्हता. त्याला कोणी शिकविले नव्हते, एवढेच. तोही त्या दिवशी आमच्याबरोबर होता आणि दुसऱ्या मजल्यावरचा मोड त्याने स्वतःच्या हाताने बदलला.

खरेदीपूर्वी

तेव्हा पुढच्या वेळी कोणी नवा राऊटर घ्या म्हणून सांगितले तर पैसे काढण्यापूर्वी हे प्रश्न विचारावेत. आपल्याकडे आता किती डबे आहेत आणि त्यांतला मुनीम कोण? बाकीचे कोणत्या मोडवर आहेत? अडचणीच्या जागेपर्यंत केबल नेता येईल का? कपाटातला जुना डबा अॅक्सेस पॉइंट होऊ शकतो का? आणि नवा घ्यायचाच असेल तर त्यात कोणकोणते मोड आहेत? या प्रश्नांची सरळ उत्तरे जो देईल त्याच्याकडूनच माल घ्यावा.

आमचे परिचित आता गमतीने म्हणतात, "चौथ्या डब्याचे पैसे वाचले, त्यात काउंटरवरच्या मुलाला जोडे घेऊन दिले. जिना चढून झिजले होते ना!"